कार्ड वाटून झाली, आता फोन कुणाला करू?

मागच्या अंकात म्हणलं होतं की नोकरी सोडून स्वतःचं सल्लागाराचं काम सुरू केलेल्यांनी प्रश्न पाठवा. पत्रं कमी आली, व्हॉट्सॲपच जास्त, आणि निम्म्याहून जास्त लोकांचं म्हणणं एकच की ओळखी भरपूर आहेत पण काम येत नाही. सगळे छापता येणार नाहीत, पाच घेतेय. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण तसा प्रश्न लई जणांचा होता.

प्रश्न : ताई नमस्कार. मी वाळूजला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत २२ वर्षं क्वालिटीला होतो, त्यातली शेवटची ६ वर्षं सप्लायर क्वालिटी माझ्याकडं होती. मागच्या दिवाळीला राजीनामा दिला आणि कन्सल्टिंग चालू केलं. ५०० कार्डं छापली, एका एक्स्पोत तीन दिवस उभं राहून वाटली, लिंक्डइनवर जवळजवळ रोज काहीतरी टाकतो. आठ महिन्यात दोनच कामं मिळाली ती पण छोटी. आता एक नेटवर्किंग ग्रुपवाले म्हणतायत की वर्षाची फी भरा, दर आठवड्याला सकाळी मीटिंग, तिथून रेफरन्स येतील. घरात पण आता विचारायला लागलेत. मी ओळखी वाढवायला कुठं कमी पडतोय?
— एक वाचक, बजाजनगर

उत्तर : भाऊ, सहा वर्षं सप्लायर क्वालिटी बघितली म्हणता, म्हणजे किती वर्कशॉप पालथे घातले असतील तुम्ही? प्रेस शॉप, मशीन शॉप, रबरवाले, प्लेटिंगवाले, पन्नास तरी धरा. त्यातल्या प्रत्येक मालकाला तुमचा आवाज फोनवर ओळखू येतो. तुम्ही कागद कसे तपासता, चूक सापडल्यावर चारचौघात ओरडता का बाजूला घेऊन समजावता, हे त्यांनी डोळ्यानं बघितलंय. आणि तुम्ही कार्ड दिलं कुणाला, तर एक्स्पोत स्टॉलपुढून जाणाऱ्या माणसाला, ज्यानं ते इतर पन्नास कार्डांसोबत पिशवीत टाकलं. तुमच्या एवढ्या पत्रात त्या जुन्या सप्लायरचा एका शब्दानं उल्लेख नाही, मला तेवढंच खटकलं.

का नाही ते पण कळतंय. कालपर्यंत ज्यांच्या इथं जाऊन आपण चुका काढल्या त्यांच्या दारात आज काम मागायला कसं उभं राहायचं, हे मनात येतंच. माझं कॉस्टिंगचं काम, २०११ ला नोकरी सोडली तेव्हा सहा महिने मी एकाही जुन्या माणसाला फोन केला नाही, नुसती नवीन लोकांच्या मागं फिरत राहिले. शेवटी पहिलं काम दिलं ते चिकलठाण्याच्या एका डाय बनवणाऱ्यानं, आणि त्याच्याशी नोकरीत असताना स्क्रॅपच्या वजनावरून माझं कडाक्याचं वाजलं होतं. तो म्हणाला, मॅडम तुम्ही ग्रॅम सोडत नव्हता, आता माझ्यासाठी ग्रॅम पकडा. तुमच्या बाबतीत पण हेच होणार, ज्यांना तुम्ही त्रास दिला असं तुम्हाला वाटतंय त्यातल्या बऱ्याच जणांना तुमच्या कामाची किंमत सगळ्यात जास्त माहितीय.

यावर अभ्यास पण झालेला आहे. अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मधे एक लेख लिहिला होता. ओळखीतून नवीन नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं की ज्यानं ही खबर दिली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे १७ टक्क्यांच्या आत निघाले. जवळजवळ ५६ टक्के अधूनमधून भेटणारे, आणि २८ टक्के तर वर्षातून एखाद्या वेळी भेटणारे, म्हणजे जुना सहकारी, आधीच्या कंपनीतला साहेब, असे. कारण साधं आहे, रोजच्या माणसाला जे माहितीय ते आपल्यालाही माहितीच असतं, लांबचा माणूस वेगळ्या ठिकाणी उठतो बसतो. पुढं २०२२ मधे लिंक्डइनच्या दोन कोटी लोकांवर असाच अभ्यास छापून आला, त्यात पण अगदी जवळच्या मित्रांपेक्षा मध्यम ओळखीचे लोक नोकरीच्या जास्त कामी आले. हे आकडे नोकरीचे आहेत, कन्सल्टिंगचे नाहीत, पण काम मिळायची वाट तीच आहे असा माझा १४-१५ वर्षांचा अनुभव आहे.

मग करायचं काय. शंभर पानी वही घ्या, एक्सेल नको कारण एक्सेल आपण उघडत नाही, आणि आठवतील तेवढी नावं लिहा. मालक तर लिहाच पण त्यांचे क्वालिटीचे इंजिनिअर पण लिहा, तुमच्याबरोबरचे आता दुसऱ्या कंपनीत गेलेले लिहा, परचेसवाले लिहा, रिटायर झालेले साहेब लिहा. प्रत्येक नावापुढं शेवटचं कधी बोललो आणि तेव्हा त्यांचं काय अडलं होतं एवढंच. दिवसाला दोन फोन, जास्त नको. आणि फोनवर "काही काम असलं तर सांगा" हे वाक्य बोलायचंच नाही, कारण समोरचा "हो हो नक्की" म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. त्यापेक्षा असं बोला की दादा, तुमच्या त्या ब्रॅकेटला बर (कडेला उरणारी धार) येत होती त्याचं पुढं काय झालं, मी आता कंपनी सोडलीय, त्या बाजूला गुरुवारी येतोय, वीस मिनिटं लाईन बघून जातो. एवढ्यानं दार उघडतं. गेल्यावर लाईन खरोखर बघा, एक चूक दिसली तर ती सांगून या, बिल नाही काढायचं. दुसऱ्या दिवशी त्या चुकीबद्दल चार ओळी व्हॉट्सॲपवर पाठवा. फॉलोअप म्हणजे एवढंच, जे बोललो ते दोन दिवसाच्या आत त्याच्या हातात पडलं पाहिजे.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. जुन्या कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर काढून नीट वाचा, गोपनीयतेबद्दल काय लिहिलंय ते बघा, आणि तिथली ड्रॉइंग, तिथले रेट, तिथल्या ऑडिटचे रिपोर्ट कुणालाही दाखवू नका, कितीही जवळचा असला तरी. दुसरं म्हणजे "माझी तिथं ओळख आहे, ऑर्डर मिळवून देतो" असं चुकूनही म्हणू नका. तो धंदा वेगळा आहे, आणि एकदा तसं नाव पडलं की तुमची २२ वर्षं पुसली जातात.

तुम्ही स्वतःची ओळख काय करून देता हे पत्रात नाही, पण कार्डावर "क्वालिटी कन्सल्टंट" एवढंच असणार असं वाटतं. ते कुणाच्या लक्षात राहत नाही. वाळूजला असे शेकड्यानं असतील. त्यापेक्षा एका अडचणीला तुमचं नाव चिकटलं पाहिजे. समजा तुम्ही सगळीकडं एकच सांगितलं की कस्टमरनं पीपीएपी परत पाठवलं असेल तर मला बोलवा. नवीन पार्ट सुरू व्हायच्या आधी कस्टमरला जी फाईल द्यायची, त्यात १८ गोष्टी असतात, छोट्या वर्कशॉपवाल्याची त्यातल्या कंट्रोल प्लॅनला नाहीतर एमएसएला, म्हणजे मोजमाप भरवशाचं आहे का या तपासणीला, हमखास गाडी अडते. फाईल परत आली की मालकाचा जीव टांगणीला लागतो कारण माल तयार असून पाठवता येत नाही. त्या दिवशी त्याला तुमचं नाव आठवलं की झालं. आत गेल्यावर आयएटीएफ (वाहन उद्योगाचं क्वालिटीचं मानक), ८डी (तक्रारीचं मूळ शोधून भरायचा रिपोर्ट), ट्रेनिंग सगळं निघतंच.

आणि तुमच्या गिऱ्हाइकाकडं तुमच्याआधी कोण जातं हे शोधा. कॅलिब्रेशन लॅबचा मुलगा वर्षातून एकदा तरी प्रत्येक वर्कशॉपमधे गेज न्यायला जातो, कुणाचं ऑडिट जवळ आलंय, कुणाची धावपळ चाललीय हे त्याला सगळ्यात आधी कळतं. हीट ट्रीटमेंटवाला, टूल रूमवाला, मालकाचा सीए, बँकेचा एमएसएमईचा अधिकारी, हे सगळे तसेच. यांच्याशी नातं जोडा आणि ते दोन्हीकडून चालू द्या, तुम्ही पण त्या लॅबचं नाव जिथं गरज आहे तिथं घ्या, अर्थात लॅब खरोखर चांगली असेल आणि एनएबीएलची, म्हणजे लॅब तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असेल तरच. माझी निम्मी कामं आजही सीए लोकांकडून येतात, कारण स्टॉकचा हिशेब जुळत नाही हे त्यांना मार्चमधे कळतं.

सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांबद्दल मात्र जपून. त्यांच्यासाठी जो आयएसओचाच नियम आहे, १७०२१, त्यात स्पष्ट आहे की सर्टिफिकेशन करणाऱ्यानं तेच कन्सल्टिंग करायचं नाही आणि अमुक कन्सल्टंट घेतला तर सर्टिफिकेट सोपं जाईल असं सुचवायचं पण नाही. म्हणून "ऑडिटर आपलाच आहे" असं कुणी म्हणायला लावलं तरी म्हणू नका.

आता तुमचा ग्रुपचा प्रश्न. अशा ग्रुपमधे दम नाही असं मी म्हणणार नाही. रोटरी सुद्धा १९०५ मधे शिकागोत अशीच सुरू झाली, पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तिघांना जमवलं आणि आळीपाळीनं एकमेकांच्या ऑफिसात भेटायचं ठरवलं, त्या फिरतीवरूनच रोटरी नाव पडलं. बीएनआय हा असाच रेफरन्स देणारा ग्रुप १९८५ पासून आहे, एका चॅप्टरमधे एका व्यवसायाचा एकच माणूस घेतात. मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब आहे. पण फी भरायच्या आधी पाहुणा म्हणून एक-दोन मीटिंगला बसा आणि एकच बघा, तिथं कारखान्याचे मालक किती आहेत. इंटेरिअरवाले, विमा एजंट, केटरर, ट्रॅव्हल्सवाले असतील तर माणसं कितीही चांगली असोत, पीपीएपी कुणाचं परत येत नाही तिथं. इंटेरिअरवाल्याला तो ग्रुप सोन्यासारखा, तुम्हाला नाही. तुमच्यासाठी मसिआ आणि सीएमआयए या आपल्या इथल्या कारखानदारांच्या संघटना जवळच्या, कारण तिथं जो बसलाय त्याच्याकडं मशीन आहे. पण एकाच ठिकाणी वर्षभर जा, पाच ठिकाणी एकेकदा जाऊन चेहरा लक्षात राहत नाही. तिथं भाषण मागू नका. आधी कमिटीवाल्यांना कामात मदत करा, मग सांगा की तासाभरात ८डी कसं भरायचं ते मी दाखवतो, येताना प्रत्येकानं आपला रिजेक्ट झालेला एक पार्ट घेऊन यावा. हातात पार्ट घेऊन झालेलं बोलणं माणूस विसरत नाही.

लिंक्डइनवर रोज नका लिहू, आठवड्याला एक पुरे, पण जुन्या कंपनीतून पुणे-चाकणला गेलेले तुमचे लोक तिथं सापडतात त्यांना शोधा. वहीत ती नावं पण येऊ द्या. तीन महिन्यांनी मला परत लिहा, किती फोन झाले ते कळवा. किती कामं आली ते नंतर.

प्रश्न : नमस्कार ताई. मी लातूरची, फूड टेक्नॉलॉजी शिकलेय, आठ वर्षं पुण्यात नोकरी केली आणि लग्नानंतर इथं येऊन फूड सेफ्टीचं कन्सल्टिंग सुरू केलं, लायसन्स, लेबल, एचएसीसीपी (अन्नातले धोके आधीच रोखायची पद्धत) वगैरे. इथं डाळ मिल एवढ्या आहेत, पण कुठं पण गेलं की मालक माझ्याशी न बोलता सोबत आलेल्या मिस्टरांशी बोलतात. नंतर फोन पण त्यांनाच येतो. व्यापाऱ्यांच्या ज्या भेटीगाठी होतात त्या रात्री नऊ नंतर, नाहीतर अडतीवर चहाला, तिथं मी जाऊन बसू शकत नाही. मग माझं नेटवर्किंग व्हायचं कसं?
— लातूर

उत्तर : ताई, सगळ्यात आधी मिस्टरांना सोबत नेणं बंद करा. रागानं नाही सांगत, त्यांचं सहकार्य आहे हे मोठंच आहे, पण ते सोबत असले की समोरच्याला तुमच्याकडं बघायची गरजच राहत नाही. सोबत लागतच असेल तर एखादी असिस्टंट मुलगी न्या, वही धरायला. मिस्टरांना आलेला फोन त्यांनी "काम ती बघते, नंबर पाठवतो" एवढंच म्हणून ठेवून द्यायचा, उत्तर द्यायचंच नाही, दोन-तीनदा झालं की लोक बरोबर वळतात. मी या रस्त्यानं गेलेय.

अडतीवरच्या चहाचं म्हणाल तर तिथं पोचायची गरज नाही, मिलमधे पोचायची आहे. सकाळी सौदे चालू असतात तेव्हा मालकाच्या डोक्यात फक्त तुरीचा भाव असतो, त्या वेळी गेलात तर "काय करायलाव मॅडम, बसा" म्हणून तासभर बसवतील आणि काहीच होणार नाही. दुपारनंतर जा, ऑफिसच्या वेळात, आणि मालकाच्या आधी मुनीमजींना आणि पॅकिंगच्या सुपरवायझरला भेटा. लेबलवर काय चुकलं, कुठल्या लॉटची तक्रार आली, लायसन्स कधी संपतंय, हे त्यांनाच माहिती असतं. आणि घरातली पुढची पिढी बघा. बऱ्याच मिलमधे मुलगा किंवा सून आता ब्रँड करायच्या मागं आहेत, मॉलला, ऑनलाईनला डाळ विकायची तर कागद चोख लागतात हे त्यांना कळतं, तुमच्याशी बोलताना त्यांना अवघड पण वाटत नाही. मला विचाराल तर मी सुरुवात सुनांपासून करेन.

तुमच्या हातात एक चांगलं साधन आहे ते म्हणजे ट्रेनिंग. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचा फॉस्टॅक म्हणून कार्यक्रम आहे, त्यात अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागं एक प्रशिक्षित सुपरवायझर असावा असं आहे. मान्यता असलेल्या ट्रेनिंग पार्टनरमार्फत लातूरला एक बॅच लावायला मदत करा, एखाद्या संघटनेच्या हॉलमधे, दिवसाढवळ्या. वीस मिलचे सुपरवायझर एका दिवसात तुम्हाला ओळखायला लागतील, आणि मालकाला घरी जाऊन तेच सांगतील की मॅडमला कळतंय. लोकांनी रात्री नऊला भेटायचं ते भेटू दे, तुम्ही भेटीची जागा आणि वेळ स्वतः ठरवली की त्यांना यावं लागतं.

अजून एक, हे आपल्याकडंच शक्य आहे. येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-धाराशिवकडं अर्धं गाव शेतात असतं, भज्जी, आंबील, उंडे, खीर, आणि ज्याचं शेत त्याच्या ओळखीचे सगळे जेवायला. व्यापारी, डॉक्टर, बँकवाले, सरकारी साहेब सगळे मांडी घालून एका पंगतीत. बोलावणं आलं की टाळू नका, घरच्यांसोबत जा, घरातल्या बायकांशी बोला. कार्ड नेऊ नका आणि कामाचा विषय तुम्ही काढू नका, कुणी विचारलंच की तुम्ही काय करता तर एका वाक्यात सांगा. त्या दिवशी पंगतीत सोबत जेवलेला माणूस पुढच्या महिन्यात मिलच्या ऑफिसात भेटला की तो तुमच्याशीच बोलतो, सोबत कुणी असो नसो. तुमचं शेत असेल तर तुम्ही बोलवा.

गृहउद्योगवाल्या बायकांना विसरू नका, पापड-मसाले-शेवयावाल्या. पैसे कमी मिळतील पण त्यांच्याइतकी तोंडी जाहिरात दुसरं कुणी करत नाही. पंतप्रधानांच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, असं २०२० पासून चालू झालं, त्याच्या निमित्तानं अनेकींचा बँकेशी आणि कृषी खात्याशी संबंध आलाय. तिथं तुमचं नाव पोचलं की पुढं वाट निघते.

प्रश्न : मी कृषी पदवीधर, परभणी-हिंगोली भागात शेतकरी कंपन्यांना सल्ला देतो, बिझनेस प्लॅन, बँकेचे प्रस्ताव, हळद-सोयाबीनची प्रोसेसिंग. ओळख जिल्हाभर आहे, रोज पंधरा-वीस फोन येतात. पण सगळे ओळखीतले म्हणून फुकट विचारतात. पैशाचं नाव काढलं की "कामून असं करायला, आपण घरचेच ना" म्हणतात. नातं तुटेल म्हणून बोलत नाही. एका कंपनीकडं तर काम करून पाच महिने झाले, ८० हजार अडकलेत.
— एक वाचक, परभणी

उत्तर : भाऊ, पंधरा-वीस फोन रोज येतात म्हणजे तुमचं नेटवर्क झालेलं आहे, आता त्याला बांध घालायचाय. फोनवरचं बोलणं फुकट ठेवा, तेही दहा मिनिटं, कारण त्याच्यावरच लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात. पण ज्या क्षणी कागद सुरू होतो, म्हणजे प्रस्ताव, आकडेमोड, प्लॅन, बँकेत सोबत येणं, तिथून पैसे. हे पहिल्याच फोनवर हसत सांगायचं, काम झाल्यावर नाही. पैशाचं आधी बोलल्यानं तुटलेलं नातं मी क्वचित बघितलंय, न बोलता मनात ठेवून तुटलेली डझनभर.

शेतकरी कंपनीची रचना समजून घेऊन नातं जोडा. कायद्यानं कमीत कमी पाच संचालक असतात आणि पैशाचा निर्णय बोर्डात होतो. तुमची दोस्ती अध्यक्षाशी, पण उद्या अध्यक्ष बदलला किंवा बाकीचे चार म्हणाले की आम्हाला कुणी विचारलंच नाही, तर तुमचं बिल तिथंच लटकतं. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी एका बोर्ड मीटिंगला स्वतः जाऊन पाचही जणांसमोर काम, रक्कम आणि मुदत सांगा, ठरावात तशी नोंद करून घ्या, ठरावाची प्रत घ्या. सीईओशी पण तेवढंच नातं ठेवा. अजून एक बघा, केंद्राच्या १० हजार एफपीओंच्या (शेतकरी उत्पादक संघटनांच्या) योजनेतल्या कंपन्यांना तीन वर्षांसाठी मिळून १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो, त्यात सीईओचा पगार, ऑफिसचं भाडं सगळं आलं. कंपनी कितव्या वर्षात आहे हे विचारा. तिसरं वर्ष संपत आलं असेल आणि स्वतःचा धंदा उभा नसेल तर ॲडव्हान्सशिवाय हात लावू नका, कारण तिथं पैसे द्यायची इच्छा असूनही पैसेच नसतात.

८० हजारांचं सांगते. तुमचं उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांचं सरकारी, रजिस्ट्रेशन आहे का? नसेल तर आजच करा, फी लागत नाही, ऑनलाईन होतं. एमएसएमई कायदा २००६ चा आहे. त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, तीही ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि करार नसेल तर १५ दिवसात द्यायचे असतात, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. रजिस्ट्रेशनच्या आधीच्या बिलाला हे लागू करून घेणं अवघड जातं म्हणून पुढच्या कामाआधी करा म्हणते. या पाच महिन्यांच्या पैशासाठी मात्र आधी समोरासमोर बसा, सगळे संचालक असताना, आणि चार हप्त्यात मागा. तारखा त्यांच्याकडूनच घ्या. अशा ठिकाणी मी दोनदा हप्त्यात घेतलेत, दोन्ही वेळा पूर्ण मिळाले आणि त्यातल्या एकांनी पुढं दुसरं काम पण दिलं.

प्रश्न : जालन्याला स्टीलच्या कारखान्यांची एनर्जी ऑडिट करतो. कपॅसिटर पॅनेल विकणारा एक जण म्हणतो, रिपोर्टमधे आमचं नाव लिही, १० टक्के देतो. त्याची ओळख पण मोठी आहे, त्याच्यामुळं चार कारखान्यात शिरता येईल. घ्यावं का?
— जालना

उत्तर : नाही. ज्याचे पैसे घेऊन तुम्ही ऑडिट करता तो कारखानदार तुमचा आहे, पॅनेलवाला नाही. एप्रिल २०२० पासून आपल्याकडं उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे घेतलेल्या सगळ्या विजेवर, नुसत्या कामाला आलेल्या नाही, त्यामुळं पॉवर फॅक्टर घसरला की बिलात लगेच दिसतं आणि मालक पॅनेल घ्यायला एका पायावर तयार असतो, हे तुम्हाला माहितीय आणि त्या विकणाऱ्याला पण. पण इंडक्शन फर्नेस जिथं आहे तिथं हार्मोनिक्स, म्हणजे विजेच्या लहरीतली गडबड, असतात, नुसते कपॅसिटर लावले तर रेझोनन्स होऊन ते फुगतात, फुटतात. तिथं आधी हार्मोनिक्स मोजावे लागतात, मग फिल्टर का डीट्यून्ड पॅनेल ते ठरतं. दहा टक्के खिशात असताना तुमच्या हातून ते मोजमाप नीट होईल का हे स्वतःला विचारा. जालन्यातले स्टीलवाले एकमेकांना रोज भेटतात, एका ठिकाणी पॅनेल जळालं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं कुणी सुचवलं होतं.

त्या माणसाशी ओळख तोडू नका. त्याला सांगा की मी रिपोर्टमधे फक्त स्पेसिफिकेशन लिहितो, तीन नावं देतो, तुमचा माल त्यात बसला तर तुमचं नाव पण असेल, पैसे मात्र नकोत. तो चांगला व्यापारी असेल तर तरीही तुम्हाला त्या चार ठिकाणी नेईल, कारण स्वतंत्र माणसानं माल बरोबर म्हणलं तर त्याचाच फायदा आहे. नाही नेलं तर ते चार कारखाने जालन्यातच आहेत, तुम्ही सरळ जाऊ शकता.

प्रश्न : लिंक्डइनवर मराठीत लिहू का इंग्रजीत? इंग्रजी कच्चं आहे.
— नांदेड

उत्तर : तुमचं गिऱ्हाईक ज्या भाषेत तुमच्याशी भांडतं त्या भाषेत लिहा. वर नाव आणि कामाची एक ओळ इंग्रजीत ठेवा म्हणजे बाहेरच्याला शोधता येईल, बाकी मजकूर मराठीत चालतो. आणि इंग्रजीतला पहिला मेसेज कुणाला पाठवायचा असेल तर कुणाकडून तरी तपासून घ्या, पण फोन मराठीतच करा.